‘रुग्णाशी नाते’ : प्लेटलेट्ससाठी माणसं शोधताना

धाकट्या भावाच्या उपचाराचा शेवटचा दिवस 9 मे 2025 ला पार पडला. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे, पण वही उघडली की हात थांबायचा. 2024 च्या ऑगस्टमध्ये मी रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या जिन्यात बसून फोनवर ‘एसडीपी म्हणजे काय’ हे मराठीत शोधत होते. प्लेटलेट्सची, म्हणजे वाहतं रक्त थांबवणाऱ्या पेशींची, व्याख्या मिळाली. पण त्या देणारी माणसं कुठून आणायची, त्यांना काय सांगायचं, आणि आलेली माणसं परत का पाठवतात, हे कुठेच सापडलं नाही. आज त्या जिन्यात कुणी बसलं असेल तर हे त्याच्यासाठी. दात्यांची नावं माझ्या वहीत आहेत, इथे लिहीत नाही.

भाऊ 31 वर्षांचा. फलटणला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग दंडावर, मांडीवर काळेनिळे डाग. मोटार उचलताना लागलं असेल, असं तो म्हणायचा आणि आम्हालाही पटायचं. 24 ऑगस्टला, शनिवारी संध्याकाळी, नाकातून येणारं रक्त तासभर थांबलं नाही तेव्हा आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. प्लेटलेट्स 14,000. धडधाकट माणसाला दीड ते साडेचार लाख असतात. “सकाळची वाट बघू नका. आत्ता पुण्याला निघा, आणि ॲम्ब्युलन्सनेच जा, वाटेत कुठे आपटायला नको,” डॉक्टर म्हणाले. रात्री दीडला आम्ही पुण्यात होतो. भाऊ, त्याची बायको, आई आणि मी. चार वर्षांची भाची शेजारच्या काकूंकडे झोपली होती, तिला तसंच ठेवून निघालो होतो.

रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघून तिथल्या डॉक्टरांना एपीएल नावाच्या रक्ताच्या कर्करोगाची शंका आली. अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. त्यांनी पक्क्या रिपोर्टची वाट न बघता त्याच रात्री गोळ्या सुरू केल्या. नंतर कळलं की या आजारात असंच करतात, कारण पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. ते निभावले तर हा आजार बहुतेकांचा बरा होतो. पण त्या काळात मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून प्लेटलेट्स सतत तीस ते पन्नास हजारांच्या वर ठेवायच्या असतात. औषधं दोन: ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनवलेली एट्रा नावाची गोळी आणि शिरेतून आर्सेनिक ट्रायऑक्साइड. आर्सेनिक म्हणजे सोमल हे आईला कुणीतरी सांगितलं आणि ती दारातच बसली. “माझ्या पोराला विष देणार?” पहाटेचे साडेचार वाजले होते, डॉक्टरांची ड्यूटी कधीपासून चालू होती देव जाणे. ते स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, “आजी, सोमल आहे खरं. पण मोजून देणार, रोज रक्त तपासून देणार. मी इथेच आहे.” आई उठली. माझ्या वहीत पहिली नोंद त्यांची आहे.

वहीचं सांगते. मी पतसंस्थेत लिपिक आहे. दिवसभर कीर्द लिहिणं हेच काम, त्यामुळे गोंधळ झाला की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. पहिल्या सकाळी हॉस्पिटलसमोरून शंभर पानी वही घेतली. डावीकडे खर्च, उजवीकडे रिपोर्ट, आणि मागच्या बाजूने माणसं.

25 तारखेला रविवारी सकाळी सिस्टरनी मागणीपत्र आणि भावाच्या रक्ताच्या दोन नळ्या हातात दिल्या. रक्तपेढी तळमजल्यावर. तिथे कळलं की प्लेटलेट्स दोन प्रकारे मिळतात. नेहमीच्या रक्तदानाच्या पिशवीतून वेगळ्या काढतात त्या आरडीपी. एका पिशवीने काउंट, म्हणजे प्लेटलेट्सचा आकडा, साधारण पाच ते दहा हजारांनी वाढतो. दुसरी एसडीपी: एकाच दात्याला मशीनला जोडतात, त्याचं रक्त मशीनमध्ये फिरतं, प्लेटलेट्स तेवढ्या काढून घेतात आणि बाकीचं रक्त त्याला परत देतात. एका एसडीपीने तीस-चाळीस हजारांनी वाढ होऊ शकते. आम्हाला एसडीपी सांगितली होती, दर दोन-तीन दिवसांनी एक. आमच्या रक्तपेढीत तेव्हा एका पिशवीचे अकरा हजार, रेडिएशन दिलेली हवी तर वर थोडे जास्त. हे रक्ताचे पैसे नाहीत, किटचे आणि तपासण्यांचे आहेत.

मी बाही वर करून हात पुढे केला. खिडकीतल्या मॅडमनी विचारलं, “तुम्ही सख्ख्या बहीण का? मग तुमचं नको.” पुढे कधी बोनमॅरो (अस्थिमज्जा) प्रत्यारोपणाची वेळ आली तर भावंडं हेच पहिले दाते असतात. आत्ताच त्यांचं रक्त दिलं तर रुग्णाचं शरीर ते ओळखून ठेवतं आणि नंतर नाकारू शकतं. म्हणून निदान पक्कं होईपर्यंत सख्ख्यांचं शक्यतो घेत नाहीत. म्हणजे ज्याच्यासाठी जीव द्यायला तयार होते, त्याला माझा एक थेंब चालणार नव्हता. परक्यांकडे जाणं भाग होतं, आणि मागायची मला सवय नाही. आमच्या घरात उसनी साखरसुद्धा दुसऱ्या दिवशी परत जाते.

दुपारी मी व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला: ‘अर्जंट! बी पॉझिटिव्ह रक्त हवे. कृपया सगळीकडे पाठवा.’ खाली माझा नंबर. संध्याकाळपर्यंत दीडशेच्या वर फोन आले असतील. लातूर, नांदेड, अगदी नागपूरहूनही. “मिळालं का?” असं विचारणारे, धीर देणारे, मंत्र सांगणारे. पण रक्तपेढीच्या दारात एकही माणूस पोचला नाही. चूक माझी होती. कुठे यायचं, कधी, किती वेळ लागेल, नुसतं रक्त हवं की प्लेटलेट्स, काहीच लिहिलं नव्हतं. तो मेसेज पुढे नोव्हेंबरपर्यंत फिरत राहिला. दिवाळीनंतर एका रात्री अकराला एका आजोबांचा फोन आला. “बाळ, मिळालं का रक्त? माझा गट तोच आहे, पण मी सत्तरीचा आहे, घेतील का?” त्यांना सगळी हकीकत सांगितली. भाऊ बरा होतोय म्हटल्यावर ते फोनवरच मोठ्याने हसले.

दुसरा मेसेज रक्तपेढीच्या तंत्रज्ञांनी सांगितला तसा लिहिला, तो हॉस्पिटलचं नाव-पत्ता गाळून देते: ‘बी पॉझिटिव्ह, एसडीपी (मशीनने प्लेटलेट्स). मंगळवार 27 ऑगस्ट, सकाळी 9 ते 12. वय 18 ते 60, वजन 50 किलोच्या वर. मागच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसावी. चार-पाच तास मोकळे हवेत. हा मेसेज 27 ला दुपारी बाद समजावा.’ हा मी फक्त वीस जणांना पाठवला, प्रत्येकाच्या नावाने. सात जण म्हणाले, येतो.

त्यातले चार एकाच अभ्यासिकेतून आले. आमच्या पतसंस्थेतल्या शिपायाचा भाचा पुण्यात सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेचा अभ्यास करतो. 25 ऑगस्टची पूर्वपरीक्षा ऐन वेळी पुढे ढकलली होती. मुलं वैतागलेली होती, महिनोन्‌महिने खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे भरून ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवसच हातचा गेला होता. तरी मंगळवारी सकाळी साडेआठला चौघं दारात उभे. प्रत्येकाच्या हातात नोट्स. त्यातला एक बीडकडचा, बारीक आवाजाचा. फॉर्म भरताना त्याने मला विचारलं नाही. मी नंतर बघितलं, तर ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात त्याने ‘भाऊ’ लिहिलं होतं. मी म्हटलं, अरे, असं कसं लिहिलंस? तो ओशाळला. “परक्या माणसाचं घेत नसतील असं वाटलं, ताई. परत पाठवलं असतं तर?” मॅडमनी रकाना दुरुस्त करून ‘मित्र’ केला. तेव्हा भाऊ दोन मजले वर झोपलेला होता, या मुलाने त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं.

चौघांपैकी त्या दिवशी एकच बसला. एकाची शीर बारीक, एकाचं हिमोग्लोबिन 12.1 (साडेबारा लागतं), आणि एकाचा स्वतःचा काउंट 1.2 लाख. दात्याचे दीड लाख तरी असावे लागतात. डेंग्यूचे दिवस होते, ताप येऊन गेलेला त्याला कळलाही नव्हता. पुण्यात त्या महिन्यात प्लेटलेट्सना मागणी किती होती ते खिडकीवरच्या गर्दीवरून दिसायचं. तपासणीपासून पिशवी हातात येईपर्यंत सहा तास गेले, कारण एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया या चाचण्या आधी होतात, मग मशीन.

पहिल्या दिवशी हे मला ठाऊक नव्हतं. दुपारी तीन वाजता मी त्या तंत्रज्ञांवर ओरडले. माझा भाऊ वर मरतोय आणि तुम्ही चहा पिताय, असं काहीतरी बोलले. ते काही बोलले नाहीत. मला आत नेलं, पायात प्लास्टिकची पिशवी घालायला लावली आणि मशीन दाखवलं. खुर्चीत मुलगा, त्याच्या दंडातून निघालेली लाल नळी, फिरणारं चाक, आणि वर टांगलेल्या पिशवीत जमत जाणारा फिकट पिवळा द्रव. मला वाटायचं प्लेटलेट्स लाल असतील. त्या लिंबाच्या सरबतासारख्या दिसतात. मुलाचे ओठ झिणझिणत होते, रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या औषधाने तसं होतं, तेव्हा ते तंत्रज्ञ त्याच्या तोंडात कॅल्शियमची गोळी घालत होते. सकाळपासून त्यांची ती तिसरी मशीन होती. दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली. “ताई, इथं येणारं माणूस घाईतच असतं,” ते म्हणाले. “तुम्ही निदान परत येऊन बोललात.”

याच दिवसांत योजनेचं काम चाललं होतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसतात. त्यांना रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट लागतात. मूळ रेशनकार्ड घरी. शेजारच्या काकूंना फोन केला, कुलूप तोडा म्हटलं. कोणता कागद लागतो ते त्यांना कळेना, म्हणून त्या कागदांची पत्र्याची अख्खी पेटीच घेऊन, भाचीला कडेवर मारून, पहाटेच्या एसटीने स्वारगेटला उतरल्या. रेशनकार्डावर भावाच्या नावाचं एक अक्षर वेगळं निघालं, पण पेटीत शाळेचा दाखला होता, त्यावर निभावलं. मंजुरी चौथ्या दिवशी आली. माझा सल्ला एवढाच: रक्त आणि प्लेटलेट्सचा खर्च योजनेत कितपत धरला जाईल, हे पहिल्याच दिवशी आरोग्यमित्रांना आणि हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाला, दोघांनाही विचारा. आम्ही उशिरा विचारलं, तोवर सुरुवातीच्या पिशव्यांचे पैसे रोख भरून झाले होते. मी आमच्याच पतसंस्थेतून एक लाखाचं कर्ज काढलं. जामीन म्हणून दोन सहकाऱ्यांनी न विचारता सह्या केल्या.

29 ऑगस्टला जनुकीय तपासणीचा रिपोर्ट आला. एपीएलच. डॉक्टर म्हणाले, “वाईटातली चांगली बातमी आहे.” पण 3 सप्टेंबरला भावाला ताप भरला, धाप लागली, पाय सुजले. औषधाने पेशी पटापट बदलायला लागल्या की असं होऊ शकतं. स्टेरॉइड सुरू केलं आणि चार दिवस आयसीयू. त्या चार दिवसांबद्दल मला फारसं लिहिता येत नाही. काचेच्या दाराबाहेर आम्ही सात-आठ घरची माणसं चटया टाकून झोपायचो. कुणाचंही नाव पुकारलं की सगळे उठून बसायचे. त्या रात्रींत एकमेकांची नावं कुणी विचारली नाहीत. ‘तीन नंबरवाल्या मावशी’, ‘हार्टवाले काका’, अशीच हाक असायची. माझी पाळी चुकली, पोटात कळा येत होत्या, तर तीन नंबरवाल्या मावशींनी स्वतःची गोधडी माझ्या अंगावर टाकली आणि भिंतीला टेकून बसून रात्र काढली.

अभ्यासिकेतल्या मुलांनी पुढचं वेळापत्रक हातात घेतलं. “आमच्याकडं सात जण बी पॉझिटिव्ह आहेत, ताई. एकदम यायचं नाही, तारखा वाटून घेऊ.” हे फार मोलाचं होतं. एसडीपी फक्त पाच दिवस टिकते, तीही सतत हलवत ठेवून. सगळे दाते एका दिवशी आले तर उपयोग नाही. आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून शिकले. दाता आदल्या रात्री नीट झोपलेला हवा, पाणी भरपूर प्यायलेला हवा आणि सकाळी खाऊन आलेला हवा. पण तेलकट नको. एक रिक्षावाले दादा वडापाव खाऊन आले होते, त्यांचं रक्त तपासायला फिरवलं तर वरचा थर दुधासारखा पांढरा. त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते पहाटे सहाला उठून, दोन पोळ्या खाऊन पुन्हा आले. दोन दिवसांचा धंदा बुडाला, त्याचे पैसे घेईनात.

परत गेलेल्यांची पानं मी तेव्हाच सुरू केली. सुरुवातीला फक्त हिशेबासाठी, म्हणजे त्याच माणसाला पुन्हा बोलवायला नको. मग लक्षात आलं की ती यादी लांबत चाललीय. एक सुरक्षारक्षक रात्रपाळी करून थेट आले, वजन 48 किलो भरलं. त्यांनी काट्यावरून उतरून बूट घातले आणि पुन्हा चढून बघितलं. एका मुलीने तीन महिन्यांपूर्वी मनगटावर वडिलांचं नाव गोंदवलं होतं, वर्ष व्हायला हवं म्हणाले. ती तिथेच रडायला लागली. मला तिचं सांत्वन करावं लागलं आणि ते करताना बऱ्याच दिवसांनी मलाही हलकं वाटलं. या सगळ्यांना लोक ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणतात. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला जायचे. अर्ध्या दिवसाची रजा, पेट्रोल, रिकामं पोट आणि टोचलेलं बोट, एवढं सगळं घेऊन माणूस आलेला असतो. त्याच्याकडे नसलेल्या प्लेटलेट्स त्याने कुठून द्याव्यात?

मध्ये एकदा पाय घसरणार होता. 10 सप्टेंबरला काउंट 11,000 आणि दाता नाही. चहाच्या टपरीजवळ एक माणूस हळूच म्हणाला, “डोनर देतो, चार हजार.” पैसे देऊन रक्तदाते आणायला आपल्याकडे 1 जानेवारी 1998 पासून बंदी आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर. पैशासाठी रक्त देणारा आपला आजार लपवतो, आणि ते रक्त कॅन्सरच्या पेशंटच्या अंगात जाणार. मला हे सगळं ठाऊक होतं, तरी मी पाच मिनिटं त्याच्यासमोर उभी राहिले. शेवटी अभ्यासिकेत फोन केला. रात्री आठला दोघं आले, एक बसला.

आणि मग 17 सप्टेंबर. अनंत चतुर्दशी. ज्यांनी पुण्यातली विसर्जन मिरवणूक पाहिलीय त्यांना सांगायला नको. मध्यवर्ती रस्ते सकाळपासून बंद, मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. मी 16 लाच दोन दाते ठरवले होते. एकाचा काउंट कमी निघाला. दुसरा ढोल पथकातला मुलगा, सकाळी देऊन मग पथकात जातो म्हणाला होता, तो पुलापलीकडे अडकला. दर अर्ध्या तासाने त्याचा फोन, “ताई, निघालो, चालत येतो.” ढोलांमुळे त्याचं बोलणं अर्धं ऐकू यायचं. सकाळी भावाचा काउंट 9,000 आला होता आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचा ठिपका उतरला होता.

आमच्या समोरच्या खाटेवर साठीतले एक काका होते. रक्ताचाच आजार, पण वेगळा. त्यांचा मुलगा निळा शर्ट घालून रोज खाली चकरा मारायचा, आमची ओळख खिडकीपुरती. काका त्या पहाटे गेले. आदल्या संध्याकाळी त्यांच्यासाठी एकाने एसडीपी दिली होती, पिशवी तयार होती. दुपारी बाराच्या सुमारास रक्तपेढीतून मला फोन आला. काकांच्या मुलाने शवागाराच्या कागदांवर सह्या करता करता खाली येऊन सांगितलं होतं, “आमची पिशवी बी पॉझिटिव्ह आहे. समोरच्या खाटेवरच्या पेशंटला चालत असेल तर द्या.” डॉक्टरांचं नवं मागणीपत्र, पुन्हा क्रॉसमॅच (रक्त जुळवून बघणं), नावात बदल. दीड वाजता पिशवी लागली. मी पळत खाली गेले तोवर शववाहिका निघून गेली होती. रस्ते बंद असल्याने लांबून वळसा घालून जाणार होते म्हणे. ढोलवाला मुलगा चारला पोचला, घामाने निथळत, कमरेला अजून पट्टा. त्याची पिशवी 19 तारखेला लागली.

त्या पिशवीचे पैसे काकांच्या घरच्यांनी आधीच भरले होते. मी लगेच आमच्या नावावर भरले, पण त्यांना परतावा मिळायला मूळ पावती आणि पेशंटच्या नातेवाइकाची सही लागत होती. 30 सप्टेंबरला, तेरावं उरकून, ते आले. डोकं भादरलेलं. मी खिडकीपाशीच होते. काय बोलावं ते सुचेना. आभार हा शब्द तोंडाशी आला आणि तिथेच राहिला. दोघं बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “किती झाला होता काउंट? लावल्यावर?”

मी वही उघडून दाखवली. 9,000 वरून 41,000.

ते त्या ओळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बरं झालं.” पावतीवर सही केली, पैसे घेतले, वर वॉर्डात जाऊन सिस्टरना भेटले आणि गेले.

त्या संध्याकाळी मी सगळ्या दात्यांना मेसेज पाठवायला बसले. तोवर नुसतं ‘खूप आभारी आहोत’ असं लिहीत आले होते. आता प्रत्येकाला त्याचा आकडा लिहिला: ‘तुमची पिशवी 27 ऑगस्टला लागली. 12 वरून 47 हजार.’ बीडच्या मुलाचं उत्तर आलं, त्यात फक्त आकडा परत लिहिलेला होता, 47, आणि पुढे एक पूर्णविराम. तुमच्यासाठी कुणी दिलं असेल तर हे नक्की करा. परत गेलेल्यांनाही लिहा. मी लिहिलं, ‘तुम्ही आला होता त्या दिवशी संध्याकाळी दुसरा दाता मिळाला. भाऊ आता बरा आहे.’ सुरक्षारक्षकांनी लगेच फोन केला आणि वजन आता 51 झाल्याचं सांगितलं.

बोनमॅरोची तपासणी चांगली आली आणि 3 ऑक्टोबरला भाऊ घरी आला. पुढचा टप्पा 28 ऑक्टोबरपासून, ऐन दिवाळीत. आठवड्याचे पाच दिवस डे-केअरमध्ये आर्सेनिक, चार आठवडे चालू, चार आठवडे बंद, असे चार फेरे. प्लेटलेट्स मात्र पुन्हा लागल्या नाहीत. शनिवार-रविवारी एसटीने घरी, सोमवारी पहाटे परत. बायकांना तिकीट निम्मं असल्याने मी आणि भावजय आळीपाळीने जायचो. या सहा महिन्यांचं वेगळं लिहायला हवं, इथे नको. एकूण हिशेब मात्र देते: 12 एसडीपी, 14 आरडीपी, प्लेटलेट्सचा खर्च दीड लाखाच्या आत. माझ्या बोलावण्यावर 26 माणसं आली, त्यातली 11 बसली आणि 15 परत गेली. बारावी पिशवी काकांची.

भावाचे उपचार संपल्यावर जूनमध्ये मी त्याच रक्तपेढीत गेले. भावासाठी नाही, कुणासाठीही. तंत्रज्ञांनी बोट टोचलं. हिमोग्लोबिन 11.4. “परत जा ताई, लोहाच्या गोळ्या खा, दोन महिन्यांनी या.” वहीतल्या परत गेलेल्यांच्या पानावर सोळावं नाव माझं आहे.

24 ऑगस्ट 2025 ला रविवार होता. भाऊ तपासणीसाठी पुण्यात आला होता, मी सोबत. हिमोग्लोबिन 12.9, काउंट 2.6 लाख, शीर चालेल म्हणाले. मॅडमनी फॉर्म पुढे सरकवला. ‘रुग्णाशी नाते’ या रकान्याशी मी थांबले. “काही नसेल तर रेघ मारा,” त्या म्हणाल्या. मी रेघ मारली. सव्वा तास मशीनला होते. ओठ झिणझिणले, गोळी दिली, थंडी वाजली म्हणून पांघरूण दिलं. भाऊ काचेबाहेर उभा राहून नळीतला रंग बघत होता. त्यानेही ते मशीन तोवर पाहिलं नव्हतं.

पेशंटचं नाव सांगत नाहीत, तसा नियमच आहे. मी तंत्रज्ञांना म्हटलं, नाव नको, जमलं तर फक्त आकडा कळवा. सोमवारी सकाळी फलटणच्या एसटीत असताना मेसेज आला: ‘11 वरून 46.’ मी फोन भावाकडे दिला. त्याने वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि पिशवीतून वही काढायला सांगितली.